भूत परवडलं!



पालक सभेत दरवर्षी एक वाक्य हमखास कानावर पडतं. "अहो सर, या भुताखेतांच्या मालिका बंदच केल्या पाहिजेत. पोरं अंधश्रद्धाळू होतात." बोलणारे गृहस्थ साधारण माझ्याच वयाचे असतात. म्हणजे १९९०च्या दशकात तेही माझ्यासारखेच डोक्यावरून गोधडी घेऊन, एका डोळ्याने 'झी हॉरर शो' बघत मोठे झालेले असतात! तरी त्यांचं लग्न झालं, नोकरी लागली, मुलगा इंजिनीअरिंगला आला. भुताने काही त्यांचं वाकडं केलेलं दिसत नाही. पण सभेत वेळ कमी असतो, आणि मेसच्या भाजीचा विषय निघाला की भुताकडे कोण लक्ष देणार? यंदा संपादक मंडळाच्या मुलांनी "रेक्टर सर, मराठी विभागासाठी काहीतरी द्याच" असा लकडा लावला, तेव्हा ठरवलं की या वाक्याचं उत्तर एकदा लिहूनच टाकावं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पान उलटता येईल. भुताच्या मालिकांनी आम्हाला घाबरवलं, पण फसवलं नाही. फसवणारे वेगळेच होते, आणि ते येताना पांढरा कोट घालून आले होते.

आता जरा विस्ताराने.

माझा जन्म १९८५चा. गाव सातारा जिल्ह्यातलं, एस.टी.तून उतरून चालायला लागलात की संपणारं. झी टीव्ही १९९२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, पण आमच्या आळीत केबल यायला आणखी दोन वर्षं गेली. तोवर दूरदर्शन, आणि ते सुद्धा कौलांवरचा अँटेना फिरवून. एक जण वर, एक जण दारात, एक जण टीव्हीसमोर. "आलं का?" "नाय!" "आता?" "आलं आलं... गेलं!" तुमच्या कम्युनिकेशन लॅबमध्ये सिग्नल स्ट्रेंग्थ मोजतात ना, आमच्याकडे ती चुलतभावाच्या घशाने मोजली जायची.

केबल आल्यावर एकदम भुतांचा सुकाळ झाला. रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' १९९३ सालीच सुरू झाला होता. १९९५मध्ये सोनी वाहिनी आली आणि पाठोपाठ बी. पी. सिंग यांची 'आहट'. (हेच गृहस्थ पुढे १९९८मध्ये 'सीआयडी' घेऊन आले. म्हणजे आधी भूत, मग पोलीस!) १९९८मध्येच झीवर 'वो' आली, स्टीफन किंगच्या कादंबरीवरून घेतलेली, लिलिपुट यांनी केलेल्या जोकरची. त्या वर्षी आमच्या गावच्या जत्रेतल्या सर्कशीत पोरांनी जोकरकडे बघून टाळ्या वाजवल्या नाहीत, हे मी स्वतः पाहिलंय. मराठीत अल्फा वाहिनी आल्यावर रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवरची 'गहिरे पाणी' लागू लागली. ती सगळ्यात वाईट. कारण तिच्यात वाडा, वटवाघूळ, धूर असलं काही लागायचंच नाही. आपल्यासारख्याच घरात, आपल्यासारखीच माणसं, आणि काहीतरी हलकेच बिघडलेलं. बंगल्यातलं भूत बंगल्यात राहतं. हे घरात यायचं.

विज्ञानाच्या बाजूला १९९७पासून 'शक्तिमान' होता, आणि १९९८मध्ये केतन मेहतांचा 'कॅप्टन व्योम', म्हणजे मिलिंद सोमण. (हा माणूस इलेक्ट्रिकलचा डिप्लोमाधारक आहे बरं का! इलेक्ट्रिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) आमच्या आधीच्या पिढीने दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' पाहिलं होतं. माझा मोठा मामेभाऊ त्याच्या गोष्टी अशा सांगायचा, जणू तोच त्या यानाचा कंडक्टर होता.

आता तुमच्यासाठी एक गंमत. खरी विज्ञानकथा पडद्यावर नव्हती, टीव्हीच्या पेटाऱ्यात होती. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतून एक अतिशय बारीक, कानात टोचणारा आवाज यायचा. शेजारच्या घरात आवाज बंद करून टीव्ही लावला तरी आम्हा पोरांना भिंतीपलीकडून कळायचं. आजीला मात्र काहीच ऐकू यायचं नाही, ती म्हणायची, "तुम्हाला काय भुताचे कान आहेत काय रे?" उत्तर मला सेकंड इयरला टीव्ही इंजिनीअरिंगच्या पेपरात मिळालं. आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार करा: १५,६२५. सेकंदाला इतक्या वेळा रेषा ओढणारा ट्रान्सफॉर्मर त्याच फ्रिक्वेन्सीने थरथरतो. वय वाढलं की पंधरा किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येणं बंद होतं. आजीला कळत नव्हतं आणि आम्हाला कळत होतं, यात भूत कुठेच नव्हतं. तरी अंगावर काटा आलाच की नाही? मला तर ते गणित सुटलं तेव्हा 'आहट'पेक्षा जास्त आला होता.

आणि रात्री कार्यक्रम संपल्यावर पडद्यावर पडायचा तो पांढरा-काळा मुंग्यांचा पाऊस! आम्ही त्याला 'मुंग्या आल्या' म्हणायचो. त्यातला बराचसा भाग आपल्याच यंत्रांचा आणि वातावरणाचा गोंगाट. पण त्यातला साधारण टक्काभर विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या उष्णतेचा असतो असं सांगतात. तोच गोंगाट १९६४-६५ साली पेन्झियस आणि विल्सन या दोघांना अमेरिकेत बेल लॅबच्या अँटेनात सापडला. आधी त्यांना वाटलं कबुतरांची घाण आहे, म्हणून त्यांनी अँटेना पुसून काढला. आवाज काही जाईना! १९७८ला त्या आवाजाचं नोबेल मिळालं. म्हणजे 'झी हॉरर शो' बघायला मिळाला नाही म्हणून आम्ही चिडून टीव्हीवर थापट्या मारत होतो, तेव्हा समोर जवळजवळ चौदा अब्ज वर्षांपूर्वीचा उजेड नाचत होता. आता बोला!

असो. भुताकडे वळू.

'आहट' या शब्दाचा अर्थ चाहूल. नावातच सगळं तंत्र आलं. भूत दिसण्याआधी ऐकू येतं. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. आम्ही डोळे मिटायचो आणि दार करकरलेलं ऐकून दुप्पट घाबरायचो. त्यांच्याकडे पैसा कमी. मेकअप असा की भुताच्या मानेवर रबराची शिवण दिसावी. पण अंधार स्वस्त असतो आणि आवाज त्याहून स्वस्त. कमी बजेटमध्ये जास्तीत जास्त आउटपुट म्हणजे काय, हे प्रोजेक्टच्या मुलांनी रामसेंकडून शिकावं.

आता मुद्द्याची गोष्ट. ही भीती कशी आली आणि कुठे संपली ते बघा. आधी शीर्षक-संगीत, मग नावं, मग गोष्ट. ऐन मोक्याच्या क्षणी, म्हणजे नायिकेने तळघराचं दार उघडलं रे उघडलं की कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात! भूत आणि साबण एकाच पडद्यावर, एकापाठोपाठ. टीव्ही विकायला सुद्धा शिंगं-शेपटीवाला ओनिडाचा सैतान यायचा आणि आम्ही त्याच्याकडे बघून हसायचो. बाजूला आजी जपमाळ ओढत कॉमेंट्री करायची, "एवढ्या रात्री एकटीनं खाली जायचं कशाला म्हणते मी?" काका म्हणायचे, "अरे हा तर 'महाभारता'तला कर्ण!" ('झी हॉरर शो'च्या पहिल्या गोष्टीत पंकज धीर होते.) आणि शेवटी पुन्हा नावांची यादी. कॅमेरा अमुक, ध्वनी तमुक. म्हणजे भुताला सुद्धा कोणीतरी पावडर लावणारा होता, हे तेच लोक लिहून देत होते.

थोडक्यात, ती गोष्ट पहिल्या मिनिटापासून सांगत होती की मी गोष्ट आहे. तिच्याभोवती चौकट होती. चौकटीच्या आत वाटेल तेवढं घाबरा, बाहेर आलात की दूध पिऊन झोपा.

झोप यायची नाही हा भाग वेगळा! संडास परसात. रात्री जायचं तर बहिणीला उठवायचं, आणि तिचा दर ठरलेला होता: जाऊन-येऊन एक रावळगावचं चॉकलेट. पावसाळ्यात दोन. खोलीत परतल्यावर खुंटीवर एक काळा माणूस उभा. श्वास रोखून बघायचं. मग धीर करून बटण दाबायचं. बाबांचा रेनकोट. दिवा बंद, पुन्हा माणूस. दिवा चालू, रेनकोट. मी एका रात्री हे आठ वेळा केलंय, शेवटी बाबांनी गुद्दा घातला तेव्हा प्रयोग थांबला. पण मला विचाराल तर माझी पहिली लॅब तीच. शंका आली की दिवा लावायचा, बघायचं, आणि निकाल पुन्हा पुन्हा तोच येतो का ते तपासायचं. जर्नलमध्ये 'एम, अॅपरेटस, प्रोसिजर' लिहायला नंतर शिकलो. प्रोसिजर आधीच पाठ होती.

कोणी म्हणेल, सर आठवणींच्या भरात भुतांची वकिली करताहेत. तेव्हा विरुद्ध बाजूही सांगतो, कारण ती खरी आहे.

या मालिकांचा एक मोठा दोष होता. भूत घालवायला शेवटी येणार कोण? तांत्रिक, नाहीतर बाबा. आणि पछाडलेली किंवा चेटकीण असणार कोण? नव्वद टक्के वेळा बाई. आपल्या देशात आजही बायकांना चेटकीण ठरवून मारलं जातं. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली आला, आणि तोही २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर. तेव्हा 'गोष्टच तर आहे' म्हणून सगळं माफ करता येणार नाही. भूत खोटं आहे हे पोराला कळतं. पण खोट्या गोष्टीत बाबाच शहाणा आणि बाईच डाकीण, हे त्याला नकळत मुरतं. त्याबाबत पालक सभेतले गृहस्थ बरोबर आहेत.

दुसरं उदाहरण 'शक्तिमान'चं. शक्तिमान येऊन वाचवेल म्हणून मुलांनी स्वतःच्या जिवाशी खेळ केल्याच्या बातम्या त्या काळी आल्या होत्या. म्हणजे चौकट प्रत्येकाला दिसते असं नाही. लहान मूल एकटं बसलं असेल तर नाहीच दिसत. मग मुकेश खन्ना स्वतःच पडद्यावरून मुलांना सांगू लागले की असं करू नका. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. चौकट मोडतेय असं दिसल्यावर गोष्ट सांगणाराच पुढे आला आणि म्हणाला, बाळांनो, ही गोष्ट आहे. आमच्या घरी हे काम आजी आणि काका करत होते, फुकटात.

आता पांढऱ्या कोटाकडे येतो.

२००१च्या मे महिन्यात, मी नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली, दिल्लीत 'मंकी मॅन' आला. आठवतंय का कोणाला? तुमचा जन्मही नसेल. रात्री गच्चीवर झोपलेल्या लोकांना काळं माकडासारखं काहीतरी येऊन ओरबाडतं. वर्णनं काय होती बघा: डोक्यावर हेल्मेट, लोखंडी पंजे, लाल चकाकते डोळे, कोणी म्हणे छातीवर बटणं आहेत. हे काही आजीच्या गोष्टीतलं भूत नव्हे, हे तर विज्ञानपटातलं! पोलिसांनी रेखाचित्रं काढली, बातम्यांत ती दिवसरात्र झळकली. घाबरून पळताना गच्चीवरून, जिन्यावरून पडून माणसं मेली. शेवटी तपासातून निष्पन्न झालं की असा कोणी प्राणी नव्हताच. गर्दीची भीती होती. आमच्या घरी हे सगळे बघत होते, आणि या वेळी आजी कॉमेंट्री करत नव्हती. ती गप्प होती. कारण या वेळी पडद्यावर लिहिलं होतं 'बातम्या'.

दुसरी घटना १० सप्टेंबर २००८ची. जिनिव्हाजवळ सर्नचा २७ किलोमीटर घेराचा लार्ज हेड्रॉन कोलायडर सुरू व्हायचा होता. आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी काय करावं? घड्याळ लावलं! पृथ्वी नष्ट व्हायला उरले इतके तास. कृष्णविवर तयार होणार आणि आपल्याला गिळणार. मागे 'आहट'ला लाजवेल असं संगीत. मी तेव्हा एका हॉस्टेलवर होतो, आणि फायनल इयरची पोरं हसत हसत का होईना पण घरी फोन करत होती. मध्य प्रदेशात एका कोवळ्या मुलीने या बातम्या बघून धसक्याने जीव दिल्याचं तिच्या घरच्यांनी सांगितलं. वर्तमानपत्रांत आलं होतं ते.

आणि वस्तुस्थिती काय होती? त्या दिवशी टक्कर होणारच नव्हती! फक्त कणांचा झोत त्या कड्यातून फिरवून बघायचा होता. नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, दोन चुंबकांमधला विजेचा एक जोड निकामी झाला, काही टन हेलियम गळलं आणि यंत्र वर्षभर बंद पडलं. पहिली टक्कर नोव्हेंबर २००९मध्ये झाली. जगाचा अंत बाजूलाच राहिला, एका खराब जोडाने अख्खं यंत्र खाली बसवलं. (सोल्डरिंग करताना "चालतंय की सर" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) शिवाय त्या यंत्रापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेचे वैश्विक किरण कोट्यवधी वर्षं पृथ्वीवर आदळत आलेत आणि पृथ्वी जागच्या जागी आहे. हे सांगायला एक मिनिट लागलं असतं. पण एका मिनिटात जाहिराती किती बसणार?

आता फरक बघा. 'आहट'मध्ये भूत होतं, पण शेवटी नावांची यादी होती. इथे कृष्णविवर होतं, तज्ज्ञ म्हणून बसवलेला माणूस होता, आकृत्या होत्या, बाण होते, आणि नावांची यादी मात्र नव्हती. बाहेर पडायला दारच नाही! भीती तीच, संगीत तेच, धूर तोच. फक्त चौकट काढून घेतली आणि वर विज्ञानाचा कोट चढवला. माझं भांडण आहे ते याच्याशी.

हे जुनं झालं म्हणाल, तर आपल्याच हॉस्टेलची गोष्ट ऐका. कोणाचं नाव घेत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या बाथरूममध्ये रात्री नळ आपोआप सुरू होतो, ही दंतकथा तुम्हाला माहीतच आहे. दर वर्षी सीनियर ती फर्स्ट इयरला सांगतात, दर वर्षी तिच्यात एक नवीन आत्महत्या वाढते. (एकही झालेली नाही, रजिस्टर माझ्याकडे आहे. नळाचा वॉशर गेलाय आणि टाकी रात्री भरते.) फर्स्ट इयरचा एक मुलगा ही गोष्ट ऐकून इतका हसला की सीनियर नाराज झाले. दोन रात्रींनी ग्रुपवर एक मेसेज आला: आज रात्री साडेबारा ते साडेतीन धोकादायक कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाइल बंद करून अंगापासून लांब ठेवा, नासा आणि बीबीसीने सांगितलंय. हा मेसेज गेली कित्येक वर्षं देशभर फिरतोय. पण तो टाकणारा होता फायनल इयर ई अँड टीसीचा, आणि खाली एकाने लिहिलं, "हो, रेडिएशन असतं." झालं. भुताला हसणाऱ्या मुलाने फोन बंद करून कपाटात ठेवला.

त्या रात्री एक वाजता त्याच्या आजीला दवाखान्यात नेलं. ऑपरेशनला आत घ्यायच्या आधी ती म्हणाली, नातवाशी बोलायचंय. घरचे फोन लावत राहिले. सकाळी सहाला याने फोन चालू केला तर अकरा मिस्ड कॉलचे मेसेज, आणि आजी आत. पुढचे चार तास तो माझ्या ऑफिसच्या बाकावर बसून होता. चहा समोर ठेवला, त्यावर साय धरली, त्याने हात लावला नाही. आजी वाचली, चांगली खणखणीत आहे. पण "वाचली नसती तर" हा विचार त्याच्या तोंडावर लिहिलेला मी चार तास वाचलाय. कुठल्याही भुताने आमच्या पिढीवर ही वेळ आणली नाही.

खरं तर वैश्विक किरण त्या रात्रीही येत होते. ते रोजच येतात. हे वाचताना तुमचा तळहात समोर धरा. त्यांच्यापासून तयार झालेला एखाद-दुसरा म्यूऑन कण दर सेकंदाला त्यातून आरपार जातोय. मोबाइल कपाटात ठेवा नाहीतर मेसच्या डब्यात, त्याला काही फरक पडत नाही. किती अद्भुत गोष्ट आहे ही! आणि तिला आपण कशाला वापरलं, तर पोरांना घाबरवायला.

डॉ. जयंत नारळीकरांची गोष्ट इथे सांगायला हवी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' नावाची कथा पाठवली. स्वतःच्या नावाने नाही. ज. वि. ना. ही अक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' झाले आणि पहिलं बक्षीस मिळवलं. नाव खोटं, कथा काल्पनिक. पण 'ही कथा आहे' हे लपवलेलं नाही. म्हणजे कृष्णविवराची गोष्ट आपल्याकडे आधी एका खऱ्या शास्त्रज्ञाने प्रामाणिकपणे सांगितली होती, वाहिन्यांनी चौतीस वर्षांनी ती बातमी म्हणून विकली! याच नारळीकरांनी २००८ साली दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पत्रिका मिसळल्या आणि ज्योतिषांना ओळखायला सांगितल्या. २७ ज्योतिषी, प्रत्येकी ४० पत्रिका. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५०च्या आसपास आले असते! कल्पनेत रमणारा माणूस आणि दिवा लावून रेनकोट तपासणारा माणूस एकच असू शकतो, त्याचा याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही. २० मे २०२५ला ते गेले. त्यांची पुस्तकं आपल्या लायब्ररीत आहेत, शेवटच्या इश्यूच्या तारखा मात्र बघवत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं, की भयकथेवर बंदी घालून काही होणार नाही. उलट ज्याला गोष्ट म्हणजे काय ते कळतं, त्यालाच 'हे गोष्टीसारखं लागतंय, पण गोष्ट म्हणून सांगत नाहीत' असा संशय येतो. ज्याने रामसेंचा धूर मनसोक्त पाहिलाय, त्याला बातमीमागचा धूर लवकर दिसतो. निदान दिसायला हवा. आता तर संगणक बसल्या जागी माणसाचा चेहरा, आवाज, अख्खी 'बातमी' बनवून देतो. रबराची शिवण सुद्धा दिसत नाही. तेव्हा प्रश्न एकच विचारायचा: हे मला कोण सांगतंय, आणि खाली नावांची यादी आहे का?

दुसरं म्हणजे, आम्ही घाबरलो ते सगळे मिळून. तुम्ही घाबरता ते एकेकटे, कानात इअरफोन, पांघरुणात मोबाइल. तुमच्या बाजूला "एकटीनं खाली जायचं कशाला" म्हणणारी आजी नाही. कॉमन रूममधला टीव्ही मॅच सोडून एरवी धूळ खात पडलेला असतो. महिन्यातून एका शनिवारी तो जुन्या भयमालिकेला आणि एखाद्या विज्ञानपटाला द्यायला रेक्टर म्हणून माझी तयारी आहे. अट एवढीच, की नंतर अर्धा तास बसून त्यातलं काय शक्य आणि काय नाही यावर भांडायचं. चहा माझ्याकडून. नळाचं भूत सुद्धा कोणाला चालवायचं असेल तर चालवा, पण वॉशर बदलू द्या.

आणि शेवटचं, फायनल इयरसाठी. चार महिन्यांनी तुमच्या नावापुढे 'इंजिनीअर' लागेल. गावी गेलात की शेजारचे आजोबा मोबाइल पुढे करून विचारतील, "बाळा, तू शिकलेला, हे खरं का रे?" त्या क्षणी पांढरा कोट तुमच्या अंगावर असेल, तुम्ही घातलेला असो वा नसो. "हो, रेडिएशन असतं" एवढं बोलून पुढे जाऊ नका. माहीत असेल तर सांगा, नसेल तर "बघून सांगतो" म्हणा, आणि खरंच बघा.

खुंटीवरचा काळा माणूस घालवायला आम्हाला कधीच तांत्रिक लागला नाही. उठून बटण दाबायला मात्र लागायचं.